नाक हाच पहिला अलार्म

आमचे पेणचे घरमालक रोज सकाळी दोन दाढ्या करायचे. एक स्वतःची, दुसरी सिलिंडरची.

स्वतःची उरकली की तोच ब्रश, तोच फेस घेऊन स्वयंपाकघरात जायचे. रेग्युलेटरभोवती आणि नळीच्या दोन्ही टोकांना फेस फासायचे आणि चष्मा सावरत समोर उकिडवे बसायचे. फेसात फुगा धरला तर गळती आहे, नाही धरला तर चहा ठेवायचा. पाच वर्षं आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. फुगा कधी धरला नाही, पण सिलिंडरची दाढी एक दिवस चुकली नाही. स्वतःची चुकायची. "दाढी राहिली म्हणून माणूस मरत नाय बाई," असं वर मलाच ऐकवायचे. मी शाळेत शिकवते, म्हणून मी 'बाई', आणि ते आम्हा चारही बिऱ्हाडांचे 'काका'.

काकांनी तीस वर्षं रोह्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी खात्यात काढली होती. मग ते रिटायर झाले, पण त्यांच्या अंगातली कंपनी काही रिटायर झाली नाही. गच्चीवर एका बांबूला जुन्या पायजम्याचा एक पाय बांधलेला असायचा. वारा कुठून कुठे चाललाय ते कळायला. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मी तो वाळत घातलेला समजून काढला, घडी केली आणि त्यांना नेऊन दिला. मी देव्हाऱ्यातला देवच उचलून आणलाय, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग गच्चीवर गेले आणि परत बांधून आले.

अंगणात शेवग्याखाली पत्र्याची पाटी होती, 'आपत्काळी येथे जमावे.' महिन्याच्या पहिल्या रविवारी काका पितळी परातीवर बत्ता हाणायचे आणि आम्ही सगळ्यांनी असू त्या अवस्थेत शेवग्याखाली पोचायचं. मी एकदा डोक्याला शिकेकाई लावलेली तशीच धावले. आमचे हे रोह्याला शिफ्टमध्ये कामाला, रात्रपाळी करून नुकतेच आडवे झालेले. ते उशी घेऊनच आले. तळमजल्यावरची जोहे गावची मावशी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. ती दोन्ही हात पिवळे धम्मक घेऊन उभी राहायची आणि करवादायची, "काय वो काका, या वयात पलवता काय मना!"

काका घड्याळ बघायचे. "सहा मिनिटं. एव्हाना तुम्ही सगळे मेलात." आणि मग मेलेल्या सगळ्यांना आल्याचा चहा मिळायचा. चहा मात्र फक्कड असायचा, ते खोटं कशाला बोलू?

भिंतीत खिळा ठोकायचा तरी परमिट. कोण ठोकणार, कुठे ठोकणार, हातोडी कोणाची, खालच्या माणसाला कळवलं का. काम झालं की पुन्हा जाऊन परमिट बंद करून घ्यायचं. आमच्या कॅलेंडरच्या खिळ्याचं परमिट बंद करायचं राहून गेलं होतं, तर वर्षाअखेरीला काका जिना चढून विचारायला आले, "बाई, खिळ्याचं काम अजून चालूच हाय का?" मी रागाने कॅलेंडरच काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मागच्या बाजूला सही घेतली आणि परत टांगून गेले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा!

पण सगळ्यात विचित्र म्हणजे त्यांची दारातली परीक्षा. कोणीही आलं, अगदी वीजमीटर बघणारा आला तरी, उंबऱ्यावर हात आडवा. "थांबा. खोल श्वास घ्या. काय वास येतोय सांगा बघू." आपण सांगायचं, काका, फोडणीचा येतोय, उदबत्तीचा येतोय. बरोबर असलं तर आवळासुपारी. नवख्या माणसाला वाटायचं म्हातारा गमत्या आहे. आम्हालाही तेच वाटायचं. त्यात भर म्हणून स्वयंपाकघराच्या दारावर त्यांनी कंपनीतलं आपलं लाडकं वाक्य रंगवून घेतलं होतं, 'नाक हाच पहिला अलार्म.' तीस वर्षं त्यांनी कामगारांना हेच शिकवलं होतं. यंत्र बंद पडतं, नाक बंद पडत नाही.

काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी पुण्याला. आम्ही तिला ताई म्हणायचो. ताईचा एकच धोशा, बाबा, पेणचं बस झालं, आता माझ्याकडे चला. काका दर वेळी टोलवायचे. शेवटी दोघांत असं ठरलं होतं की ज्या दिवशी काकांच्या हातून घरात एक चूक होईल, त्या दिवशी निमूट गाडीत बसायचं. आणि काकांना पेण सोडायचं नव्हतं. शेवग्याचं झाड, गच्चीवरचा पायजमा, आम्ही चार बिऱ्हाडं, एवढंच त्यांचं जग होतं. पुण्यात कोण त्यांच्या परातीला दाद देणार?

तर अशात आमच्या आळीत पाइपचा गॅस आला.

अहो, काय सांगू मला किती आनंद झाला! सिलिंडरवाला वरच्या मजल्यावर चढायला कुरकुर करायचा, आणि आमचा सिलिंडर पाहुणे दारात असतानाच संपायचा. एकदा सासरची सात माणसं पंगतीला बसलेली आणि भाताला दम लागायच्या आधी गॅस राम म्हणाला. त्यामुळे आळीत पिवळे पाइप येऊन पडले तशी मी मनातल्या मनात सिलिंडरला नारळ दिला. अडचण एकच होती. घरमालकाने सही केल्याशिवाय घरात लाइन येणार नव्हती.

काकांनी सही करायच्या ऐवजी जिन्याखाली फळा लावला.

फळ्यावर दोन रकाने, 'बाजूने' आणि 'विरुद्ध'. रोज संध्याकाळी सभा. काकांचं सुरुवातीचं भाषण सगळ्यांना पाठ झालं. सिलिंडरचा गॅस जड, तो खाली बसतो. पाइपचा हलका, तो वर जातो. म्हणून वरची झरोक्याची जाळी उघडी हवी. आणि लक्षात ठेवा, गॅसला स्वतःचा वास नसतो. आपल्याला कळावं म्हणून मुद्दाम घालतात. इथपर्यंत आले की काका थांबायचे, खडू हातात फिरवायचे आणि म्हणायचे, "उद्या बघू." सोमवारी 'बाजूने' जिंकायचं, मंगळवारी काका दोन मुद्दे पुसायचे. मावशी म्हणाली, "आमच्या कारखान्यात गणपतीला डोले काढायला येवढा येल लागत नाय, जेवढा तुमाला सही काढायला लागतो."

मी तर एकदा सरळ उखडले. म्हटलं, "काका, आख्ख्या आळीने फॉर्म भरले. राहिलो आपणच. तुम्हाला भीती वाटत असेल तर अलार्मचं यंत्र बसवा, बाजारात मिळतं." काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. दाराकडे बोट दाखवलं. 'नाक हाच पहिला अलार्म.' मी पाय आपटत वर गेले. हटवादी म्हातारा, दुसरं काय, असं त्या दिवशी मी ह्यांना म्हटलं ते मला अजून लागतं.

मग काकांनी जाहीर केलं, आपण पाहणी करू. रोह्याला त्यांच्या कंपनीतल्या एका जुन्या मित्राकडे पाइपचा गॅस येऊन वर्ष झालं होतं. भाडेकरूंची प्रतिनिधी म्हणून मी. सकाळच्या गाडीने पेणहून निघालो. कासू आलं तसं मी खिडकीतून माझं माहेर दाखवलं. काकांनी स्टेशनावरच्या आग विझवायच्या वाळूच्या बादल्या मोजल्या. एक कमी होती म्हणे.

मित्राच्या बायकोने बिरडं टाकलं होतं. वालाचं, नारळ घालून. आम्हाला पाट दिले आणि ती मला बाल्कनीतला मीटर दाखवायला घेऊन गेली. मित्र पाणी आणायला. काका शेगडीपासून दोन हातांवर एकटे बसले होते. मीटरजवळ बोलण्यात बायका रमल्या, मग विचारता काय! मला अचानक करपल्याचा वास आला, असा की डोळे चुरचुरले. आम्ही धावलो. बिरडं तळाला लागून काळं झालेलं. आणि काका शेजारी मांडी घालून, प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "वहिनी, काय घमघमाट सुटलाय हो बिरड्याचा!"

मित्र खो खो हसला. वहिनीही हसली, "भावजी, थट्टा कराल तर बघा!" काकाही हसले. पण त्यांचं हसू अर्ध्या क्षणाने मागून आलं होतं. मुलांच्या पेपरात नक्कल पकडायची माझी सवय. मला ते दिसलं.

परतीच्या गाडीला वेळ होता. रोह्याच्या फलाटावर बाकावर बसलो आणि मी आडपडदा न ठेवता विचारलं, "काका, तुम्हाला वास येत नाय ना?"

काकांनी आजूबाजूला बघितलं. "हळू बोल गो." पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला अगं-तुगं केलं. "कोरोनात गेला. सगळ्यांचा परत आला. माझा आला नाय."

 दारातली परीक्षा, ती आवळासुपारी... आम्ही त्यांची नाकं होतो. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या घरात गॅसची तपासणी करून जात होता आणि कोणाला पत्ता नव्हता. सिलिंडरची दाढी का चुकत नव्हती, तेही कळलं.

"मग सरळ सांगून टाका. आमची लाइन घ्या, तुमची नको म्हणा."

"आणि का नको, ते आळी विचारणार नाय? सेफ्टीवाल्या माणसाला नाक नाय, ही बातमी पुण्याला पोचायला किती वेळ? दुसऱ्या दिवशी गाडी दारात." मग म्हणाले, "सिलिंडर निदान संपतो गो. पाइप संपत नाय. भीती वाटते."

मी वचन दिलं, कोणाला सांगणार नाही. मूर्खपणाच केला. पण त्या बाकावर त्यांचा चेहरा बघितला असता तर तुम्हीही दिलं असतं.

गॅसवाल्यांची फॉर्म घ्यायची शेवटची तारीख रविवारी होती, आणि नेमकी शनिवारी ताई आली. पुण्याहून कोकणात आंब्याची पेटी घेऊन आली, बोला! आल्या आल्या तिचं सुरू, "बाबा, तुमच्यासारखा आंबा कोणाला कळत नाही. वास घेऊन सांगा, कुठला तयार झालाय?"

काकांचं आणि माझं आधीच ठरलेलं होतं. ताई काही हुंगायला देईल तेव्हा मी खोकायचं. एकदा खोकले तर हो, दोनदा खोकले तर नाही. मी मागे उभी राहून आंब्याच्या वासाचा अंदाज घेत इमानाने खोकत होते. तीन आंबे सुरळीत पार पडले. एवढ्यात मावशी आंबे बघायला आत आली. तिला रंगाच्या भुकटीने बारमाही खोकला. चौथा आंबा काकांच्या नाकाशी आणि मावशीची ढास लागली.

"तयार," काका म्हणाले. मावशी पुन्हा खोकली. "नाय. कच्चा हाय." मावशी थांबेना. "तयार... नाय... थोडा तयार..."

"बाबा, आंबा एकच आहे!" ताई आधी हसली. मग तिचं हसू मावळलं. तिने मला बाजूला घेतलं आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "बाबांना विसरायला होतंय का हो? आत्ता बोललेलं आत्ता आठवत नाही त्यांना. मी उद्याच घेऊन जाते." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वाचवायला गेलो आणि म्हाताऱ्याला पुरता वेडा ठरवून बसलो.

रविवारी सकाळी ताईने बॅग भरायला घेतली. काका स्वतःची आणि सिलिंडरची दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत आले. मला वरून बोलावून घेतलं. हातात कंपनीचा जुना छापील कागद. अपघात होता होता टळला की कंपनीत त्याची नोंद करावी लागते, त्याला निअर मिस म्हणतात. तो फॉर्म होता. काकांनी उभं राहून वाचून दाखवला.

"दोन महिन्यांपूर्वी सकाळी दूध उतू जाऊन बर्नर विझला. गॅस चालू राहिला. कर्मचारी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होता. कर्मचाऱ्यास वास आला नाही, कारण कर्मचाऱ्यास वास येत नाही. खिडकी उघडी होती, म्हणून हा अहवाल लिहायला कर्मचारी हजर आहे. कर्मचाऱ्याने दोष वरिष्ठांपासून लपवला. वरिष्ठ म्हणजे तू, पोरी. साक्षीदार, वरच्या मजल्यावरच्या बाई. त्यांनीही लपवला, पण माझ्या सांगण्यावरून."

दुधाचं हे मलाही माहीत नव्हतं. आम्ही त्या सकाळी वर झोपलेलो होतो. 

ताई आधी माझ्यावर कडाडली. "तुम्हाला ठाऊक होतं? आणि तुम्ही मागे उभं राहून खोकत होतात?" मी मान खाली घातली.  मग ती काकांकडे वळली. "बाबा, ठरलं होतं आपलं. एक चूक. चला."

"येतो. पण एक ऐक," काका म्हणाले. "कंपनीत एक फिटर होता. त्याला एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि त्याने ते लपवलं होतं. सायरन झाला तरी काम करत बसायचा. मी पकडला, वर कळवलं. त्याला वाटलं, गेली नोकरी. माझे पाय धरले त्याने. पण कंपनीने त्याला घरी नाय पाठवला. प्लँटवरून काढून बागेत दिला. पुढं बारा वर्षं त्याने गुलाब लावले तिथं." काकांनी कागदाची घडी केली. "तू पण मला नोकरीवरून काढू नको गो. गॅसवरून काढ."

ताई खाली वाकली. बॅगेची चेन ओढली, बाहेर गेली आणि बॅग गाडीच्या डिकीत टाकून आली. संपलंच, मी म्हटलं.

तेवढ्यात गॅस कंपनीत कामाला असलेली मुलगी फॉर्म घेऊन अंगणात आली. शेवटचा दिवस, त्यामुळे आमचा निकाल बघायला निम्मी आळी मागोमाग. काकांनी शेवग्याखाली खुर्ची घेतली आणि भराभर चार फॉर्मवर सह्या ठोकल्या, आमच्या, मावशीच्या, उरलेल्या दोघांच्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने पाचवा फॉर्म पुढे केला. काकांनी तो परत सरकवला.

"माझ्याकडे नको. मी विजेची शेगडी घेणार."

"काका, सगळ्यांना देताय आणि तुम्हालाच नको? काही प्रॉब्लेम आहे का लाइनचा?" झालं, आळीचे कान टवकारले.

काका खुर्चीवरून उठले. परातीच्या दिवशी लावायचे तो आवाज लावला. "लाइनचा नाय. माझा हाय. मला वास येत नाय. अजिबात. नाक हाच पहिला अलार्म असं मी तुम्हाला इतकी वर्षं सांगतोय, आणि माझाच बंद पडलाय. माझ्या घरात कोणाला कसलाही वास आला तर भीडभाड न ठेवता सांगायचं."

 गॅसवाल्या मुलीला कुठे बघावं कळेना. शेवटी मावशीनेच तोंड उघडलं. "आनि जेवनाचा काय? विजेच्या शेगडीव काय मेली मॅगी करून खाल?"

"चार घरांना चार गॅस देतोय की. जेवेन कुठं तरी."

"मंग बुधवारी आमचेकडं. पन बुधवारी सुकट असते हां. सगल्या आलीला वास सुटतो."

"मला काय गो त्याचं?" काका म्हणाले.

आधी मावशी हसली, मग आळी, मग काका स्वतः, अगदी डोळे पुसेपर्यंत. कोणी म्हणालं सोमवार आमचा, आमच्या ह्यांनी मला न विचारताच मंगळवार आणि शुक्रवार घेऊन टाकले. गॅसवाली मुलगी म्हणाली, "काका, मी पेणमध्येच असते, रविवार मला द्या." कोण कुठली पोरगी, पण तिनेही वार मागितला.

ताई गाडीजवळ हाताची घडी घालून सगळं ऐकत उभी होती. हसली नाही. तिने डिकी उघडली, बॅग बाहेर काढली आणि सरळ घरात घेऊन गेली. जाता जाता एवढंच म्हणाली, "सिलिंडर आजच्या आज बाहेर. मी गेल्यावर नाही, माझ्यासमोर."

मला रडू फुटलं. शाळेतल्या दोन मुली आईबापांबरोबर तिथेच उभ्या होत्या. बघेनात का.